कुत्र्याचा आहार आलटून-पालटून द्यावा, पण चौकट सांभाळून

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पाळीव कुत्र्यांच्या आहाराविषयी बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांचे सध्या दोन तट पडलेले दिसतात. एका बाजूचे म्हणणे असे, की कुत्र्याला एकदा मानवलेले खाद्य जन्मभर बदलू नये. दुसऱ्या बाजूला वाटते, की रोज काहीतरी वेगळे वाढले म्हणजे आठवड्याभरात सगळी पोषणद्रव्ये आपोआप पोटात जातात. मी अनेक वर्षे कुत्री पाळत आले आहे आणि आहार आलटून-पालटून देण्याच्या बाजूची आहे. म्हणूनच या दुसऱ्या समजुतीतली एक गफलत आपल्या वाचकांपुढे मांडणे मला आवश्यक वाटते, कारण तिचे परिणाम मुक्या जनावराला भोगावे लागतात आणि ते कित्येक महिने कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

एकच खाद्य जन्मभर देण्याची सक्ती कुत्र्याच्या शरीराने आपल्यावर केलेली नाही. कुत्रा मांसभक्षक गणातला असला तरी माणसाच्या सहवासात त्याचे पचन बरेच पालटले आहे. २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार, पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत त्या ४ पासून ३० पर्यंत आढळतात. मांस, मासे, अंडी यांच्या जोडीने शिजवलेला तांदूळ, ओट, भोपळा, गाजर हे सारे निरोगी प्रौढ कुत्रा पचवू शकतो.

शिवाय सगळी भिस्त एकाच उत्पादनावर ठेवण्यात धोका आहे. २००७ साली उत्तर अमेरिकेत मेलामाइन या औद्योगिक रसायनाची भेसळ झालेल्या कच्च्या मालापासून बनलेले कुत्र्या-मांजरांचे खाद्य मोठ्या प्रमाणावर बाजारातून परत घ्यावे लागले, आणि तोवर अनेक प्राण्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. पुढे २०१८ च्या सुमारास ड जीवनसत्त्वाचे प्रमाण बेसुमार वाढलेली कुत्र्यांची काही खाद्ये अमेरिकेत परत मागवली गेली. त्याच वर्षी तेथील अन्न व औषध प्रशासनाने वाटाणा, मसूर यांसारखी कडधान्ये मुख्य घटक असलेली धान्यविरहित खाद्ये आणि हृदय विस्फारून दुबळे होण्याचा विकार यांच्यातील संभाव्य संबंधाची चौकशी जाहीर केली. त्यातला कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही जो कुत्रा वर्षानुवर्षे एकाच पिशवीतले खातो, त्या पिशवीत काही चूक झाली तर तिचा पुरा भार त्याच्यावर पडतो, एवढे या घटनांवरून निश्चित दिसते.

हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली मांडलेले एक निरीक्षणही मला महत्त्वाचे वाटते. पिल्लू असताना ज्यांना प्रक्रिया न केलेले मांसाधारित अन्न आणि घरातल्या जेवणातले उरलेसुरले मिळत गेले, त्या कुत्र्यांत पुढे आतड्यांचे चिवट विकार कमी नोंदले गेले. ही माहिती मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांमधून आलेली आहे, त्यामुळे तिला पुरावा न म्हणता दिशा दाखवणारी खूण म्हणावे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. सोमवारी कोंबडी, मंगळवारी मासे, बुधवारी मटण, गुरुवारी अंडी असा क्रम लावणाऱ्या मालकाला आपण कुत्र्याला भरपूर विविधता देत आहोत असे मनापासून वाटत असते. त्या भांड्यात कॅल्शियम किती पडते, हे मात्र त्याने कधी मोजलेले नसते. साधारण २० किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे १००० किलोकॅलरी लागतात. कातडी काढून शिजवलेले कोंबडीच्या छातीचे मांस ६०० ग्रॅमच्या आसपास घेतले, की तेवढी ऊर्जा भरते. पण त्यात कॅल्शियम जेमतेम ९० ते १०० मिलिग्रॅम असते. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या ‘आफको’ या संघटनेने प्रौढ कुत्र्यासाठी ठरवलेले किमान प्रमाण दर १००० किलोकॅलरीमागे १.२५ ग्रॅम आहे, म्हणजे गरजेचा दहावा हिस्साही भरत नाही. उलट त्याच मांसात फॉस्फरस सव्वा ग्रॅमहून जास्त असतो. कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान बरोबरीने, आणि फार तर दुप्पट असावे लागते. इथे फॉस्फरसच कॅल्शियमच्या चौदा-पंधरा पट होतो. कोंबडीऐवजी मटण घ्या किंवा काटे काढलेला मासा घ्या, आकडे थोडे इकडे-तिकडे होतात आणि खड्डा तिथेच राहतो. जे सातही दिवसांत नाही, ते आठवड्याच्या बेरजेत येणार कुठून?

ही उणीव लपून राहते, याचे कारण शरीर ती लपवते. रक्तातले कॅल्शियम कमी होऊ लागले की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांमधून ते काढून रक्तात सोडते. त्यामुळे रक्ताच्या तपासणीत आकडा ठीक दिसतो, कुत्रा खेळतो, जेवण चाटूनपुसून खातो आणि आतून हाडे पोकळ होत जातात. वाढत्या पिल्लात हा प्रकार फार लवकर हाताबाहेर जातो. पिल्लू लंगडू लागते, साध्या उडीने हाड मोडते, आणि विकार बळावला तर जबड्याचे हाड इतके मऊ होते की दात हलू लागतात. हाडे आणि कातड्यासह सावज खाणाऱ्या लांडग्याचा दाखला देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की आपण वाढतो ते निवडून, साफ करून आणलेले नुसते मांस असते. उणीव भरून काढायला लागते ते मात्र थोडेच. अंड्याच्या टरफलाच्या बारीक पुडीत ग्रॅममागे साधारण ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे वरच्या उदाहरणात साडेतीन-चार ग्रॅम पूड जे काम करते ते सात प्रकारचे मांस मिळूनही करू शकत नाही. अर्थात ही पूड केवळ कॅल्शियमचा प्रश्न सोडवते.

जस्त, तांबे, कोलीन, ड आणि ई जीवनसत्त्वे यांचे काय, हा प्रश्न उरतोच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २०१३ साली कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्या पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून घेतलेल्या होत्या आणि त्यांतल्या अनेक खुद्द पशुवैद्यांनी लिहिलेल्या होत्या. ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक पोषणद्रव्य कमी निघाले आणि ८३ टक्क्यांहून अधिक पाककृतींत एकापेक्षा जास्त कमी निघाली. पाककृती आलटून-पालटून वापरल्या तर उणिवा भरून निघतील का, या प्रश्नालाही त्यांचे उत्तर निराशाजनक होते, कारण बहुतेक पाककृतींत त्याच त्या गोष्टी कमी होत्या. घरचे अन्न देणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष भिंतीवर लावून ठेवावा, असे मला वाटते.

मग आलटून-पालटून द्यायचे तरी कसे? फेरा लावायचा तो स्वतःत परिपूर्ण असलेल्या अन्नांचा लावावा. तयार खाद्य असेल तर वेष्टनावर ते ‘परिपूर्ण आहार’ आहे की ‘पूरक आहार’, आणि कोणत्या वयाच्या कुत्र्यासाठी आहे, हे आधी वाचावे. अशी दोन-तीन परिपूर्ण खाद्ये, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांची, एकामागून एक वापरली तर त्यात गैर काही नाही. घरचे अन्न असेल तर पशुआहारतज्ज्ञाकडून प्रत्येक पाककृती स्वतंत्रपणे तपासून घ्यावी आणि तिच्यातला पूरक क्षारांचा भाग ‘आज संपला आहे’ म्हणून वगळू नये. या पक्क्या पायावर अंडे, थोडा मासा, शिजवलेला भोपळा, फरसबी अशी वरची भर रोज बदलता येते. तिची मर्यादा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्के. ट्रीट म्हणून जे हातातून जाते, तेही याच १० टक्क्यांत धरायचे.

वजनाचा हिशेब इथे फार चुकतो. कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात, डब्यातल्या ओल्या खाद्यात साधारण १०० च्या आसपास. ‘रोजची एक वाटी’ हे माप खाद्य बदलले की निरर्थक होते. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरावा आणि दर पंधरवड्याला कुत्र्याच्या बरगड्यांवरून तळवा फिरवावा. दाब न देता बरगड्या हाताला लागल्या आणि वरून पाहता कंबर दिसली, तर प्रमाण बरोबर आहे. लॅब्राडॉर कुत्र्यांवर त्यांच्या आयुष्यभर चाललेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडी लावलेल्या भावंडापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळालेली कुत्री सरासरी जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली. भांड्यात काय पडते याची चर्चा करताना किती पडते हे विसरून चालत नाही.

नवे मुख्य अन्न सुरू करताना ७ ते १० दिवस घ्यावेत. आधी पाव भाग नवे, दोन-तीन दिवसांनी निम्मे, मग पाऊण, मग पूर्ण. एका वेळी एकच बदल करावा, कारण जुलाब झाले तर कशाने झाले हे कळायला हवे. मी एका वहीत तारीख, अन्न आणि विष्ठेचे स्वरूप एवढेच लिहिते: घट्ट, मऊ पण आकार असलेली, पातळ. पशुवैद्याला या तीन शब्दांचा जितका उपयोग होतो, तितका ‘पोट बिघडल्यासारखे वाटते’ या वाक्याचा होत नाही. सवय झालेल्या कुत्र्याला पुढे हा काळ कमी लागतो, असा माझा अनुभव आहे.

कुत्र्याने भांड्याला तोंड लावले नाही म्हणून लगेच दुसरे काही वाढणे, हा मात्र आहारातला फेरपालट नव्हे. निरोगी कुत्रा वास घेतो, मान वळवतो आणि मालकाच्या तोंडाकडे पाहत बसतो. मालक उठून वर कोंबडीचे चार तुकडे टाकतो. चार-आठ वेळा असे झाले की न खाण्याचे बक्षीस मिळते, हे कुत्रा पक्के शिकतो. वीस मिनिटांनी भांडे उचलावे आणि पुढच्या वेळेला तेच अन्न ठेवावे. एरवी आवडीने खाणारा कुत्रा एकाएकी जेवण टाकत असेल, किंवा न खाण्याच्या जोडीला उलट्या, सुस्ती असेल, तर तो हट्ट समजू नये. त्याला डॉक्टरकडे न्यावे.

‘वेगवेगळी प्रथिने दिली की ॲलर्जी होत नाही’ हे विधान वारंवार ऐकू येते, पण त्याला भक्कम आधार नाही. अन्नाच्या ॲलर्जीचे निदान करताना कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेले एकच प्रथिन सुमारे ८ आठवडे देऊन पाहतात. ज्याला हौसेने बदक, ससा, हरिण, मासे सगळे चाखवून झाले आहे, त्याच्यासाठी असे कोरे प्रथिन शोधणे कठीण होते. हायड्रोलाइज्ड, म्हणजे अगदी बारीक तुकड्यांत तोडलेल्या, प्रथिनांची खास खाद्ये आहेत, तरीही एक-दोन प्रथिने राखून ठेवण्यात शहाणपण आहे.

काही कुत्र्यांना हा फेरपालट मुळीच करू नये. स्वादुपिंडाचा दाह होऊन गेलेला कुत्रा, मूत्रपिंडाचा रुग्ण, मुतखड्यासाठी पथ्यावर असलेला, इन्सुलिनवर असलेला, ॲलर्जीची चाचणी चालू असलेला, यांचे अन्न हेच त्यांचे औषध असते. मोठ्या जातींच्या पिल्लांना तर कॅल्शियम कमी पडून जसे चालत नाही तसे जास्त होऊनही चालत नाही, त्यामुळे वाढ पूर्ण होईपर्यंत त्यांना त्यांच्यासाठीचेच खाद्य द्यावे. विविधतेच्या उत्साहात कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट, मॅकाडेमियाचे दाणे आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले गोड पदार्थ भांड्यात जाता कामा नयेत. शिजवलेली हाडेही नकोत. लिव्हर रोज देऊ नये, त्यातले अ जीवनसत्त्व शरीरात साठत जाते.

पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेने २०११ साली पोषणाची पाहणी ही तापमान, नाडी, श्वसन आणि वेदना यांच्या बरोबरीची पाचवी तपासणी मानावी, असे मार्गदर्शन केले. प्रत्यक्षात लसीकरणासाठी गेल्यावर ‘काय खायला देता’ हा प्रश्न अनेकदा विचारलाच जात नाही. पशुवैद्यांनी तो विचारावा, आणि मालकांनी ‘सगळे देतो’ असे उत्तर न देता आठवड्याची वही पुढे ठेवावी.

आपल्याला एक विनंती आहे. कुत्र्यांसाठीच्या पाककृती वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होतात आणि वाचक त्या कापून ठेवतात. अशी पाककृती छापताना ती किती किलोच्या आणि कोणत्या वयाच्या कुत्र्यासाठी आहे, तिच्यात एकूण किती किलोकॅलरी आहेत, कॅल्शियम कशातून येते, आणि ती रोजच्या जेवणासाठी तपासलेली आहे की केवळ अधूनमधून द्यायचा खाऊ आहे, या चार गोष्टी लेखकाकडून मागून घ्याव्यात. ज्या पाककृतीबद्दल त्या मिळणार नाहीत, तिच्या शीर्षकातच ‘खाऊ’ असा शब्द छापावा.

कळावे,
आपली एक नियमित वाचक