५३ किलोसाठी

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "कुस्तीआधी ५३ किलोच्या गटासाठी वजन तोडलं की लघवी कोऱ्या चहासारखी होते, सगळ्याच पोरींना होते." त्या रात्री माझा डोळा लागला नाही. बावीस वर्षं लॅबमध्ये लघवी तपासतेय गं मी.

जोराच्या कुस्तीत रक्त स्नायूंकडे धावतं, किडनीच्या वाट्याला कमी येतं. म्हणून नंतर लघवीत थोडं प्रोटीन, कधी रक्तपेशीही दिसतात. दोन-तीन दिवस विश्रांती मिळाली की बहुधा साफ होतं. त्याचं मला भय नाही. तू त्यावर जे चढवतेस त्याचं आहे. पाणी बंद, अंगात प्लॅस्टिकचा सूट, आणि वर गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅकची वेदनाशामक गोळी. अंगातलं पाणी आटलं की प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्याच्या जोरावर किडनी आपल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवते. ही गोळी नेमकं तेच द्रव्य तयार होऊ देत नाही. गुडघा शांत होतो आणि किडनीचं रक्त तुटतं.

अंजू बॉबी जॉर्जला एकच किडनी आहे, वेदनाशामक गोळीचीही ॲलर्जी. हे तिनेच २०२० मध्ये सांगितलं. तरी २००३ मध्ये पॅरिसला जागतिक स्पर्धेत लांब उडीचं कांस्य तिने आणलं. गोळीवाचून खेळता येतं, माऊ.

किडनीचं काम कळावं म्हणून रक्तात मोजतात तो क्रिएटिनिन रिपोर्टमध्ये नॉर्मल दिसला म्हणूनही निर्धास्त राहू नकोस. तो स्नायूंतून येतो. तुझा आणि ऐंशी किलोच्या पैलवानाचा आकडा सारखा आला तरी अर्थ सारखा नसतो. आणि स्पर्धेच्या गावी संडास घाण म्हणून दिवसभर पाणी न पिणं, लघवी दाबून धरणं बंद कर. खो-खोच्या दिवसांत मीही तेच करायचे, तापाने आठ दिवस अंथरुणात होते.

लघवी पुन्हा तशी गडद झाली आणि मांड्या दगडासारख्या दुखल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन किडनीत अडकत असेल. सकाळची वाट बघू नकोस.

यंदा ५५ किलोच्या गटात उतर. तुझ्या सरांशी मी बोलते, रागावले तर माझ्यावर रागावू देत.

बुधवारपासून सराव थांबव, शनिवारी घरी ये. रविवारची पहिली लघवी मी स्वतः तपासणार आहे. येताना ती गोळ्यांची पट्टी घेऊन ये, उरली असेल तेवढी.

तुझी,
आई