सकाळची बाग आणि मोठ्याने हसणं

महोदय,
सकाळी उठल्या उठल्या गुड मॉर्निंगचे सुविचार फॉरवर्ड करण्यापेक्षा जवळच्या बागेतल्या हास्यक्लबात जाऊन या, असं मला सगळ्यांना मनापासून सांगायचंय. डॉ. मदन कटारियांनी मार्च १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत मोजक्या पाच जणांना घेऊन हे सुरू केलं, आधी जोक सांगायचे, ते संपले तेव्हा कारणाशिवायच हसायचं ठरलं आणि आता मे महिन्याचा पहिला रविवार जगभर हास्यदिन म्हणून साजरा होतो. आमच्याकडे हात वर करून हो हो हा हा सुरू झालं की जॉगिंगवाली पोरं बघत राहतात, बघू देत. मला खरा फायदा वेगळाच वाटतो, एखाद्या आजी दोन दिवस दिसल्या नाहीत की लगेच कुणीतरी फोन लावतं, गुडघा दुखतोय का, डबा आणून देऊ का, एकट्या राहणाऱ्या माणसाला हे किती मोठं आहे! हर्नियावाल्यांनी किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच यावं. आणि रिटायर होईपर्यंत थांबायचं कशाला, तिशी-चाळिशीतल्यांनीही ऑफिसच्या आधी अर्धा तास यावं, पालिकांनी बागांची गेटं तेवढी सकाळी सहाला उघडावीत ही विनंती.
– एक नियमित वाचक