चित्रांच्या पुस्तकाला तात्पर्य चिकटवू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या पुस्तकांबद्दल पेपरात काही आलं की मी सगळ्यात आधी तेच वाचते, पण एक गोष्ट सारखी खटकते म्हणून लिहितेय. पुस्तकाची ओळख करून देताना शेवटी हमखास "यातून मुलांना समानतेचा संदेश मिळतो" असं एक वाक्य असतंच. मग आईबाबा पुस्तक घेतात तेही संदेशासाठीच, आणि घरी वाचून संपतं न संपतं तोच "मग काय शिकलास यातून?" मुलं हुशार असतात हो, आपल्याला काय ऐकायचंय ते त्यांना पक्कं माहीत असतं, "सगळ्यांशी चांगलं वागायचं" असं म्हणून मोकळी होतात आणि खेळायला पळतात. गरिबी, भेदभाव, युद्ध, घरातलं मरण, आईबाबा वेगळे होणं, या सगळ्यावर आज चित्रांची पुस्तकं आहेत पण त्यावरचं बोलणं या एका प्रश्नापाशीच संपतं.

मी मुलांना पुस्तकं वाचून दाखवते. एकदा एका पानावर घरातले सगळे टेबलाभोवती बसलेत आणि खाली एकच ओळ, सगळे मजेत गप्पा मारत होते. मी पान उलटणार तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "थांब ना, आईला खुर्चीच नाहीये." खरंच नव्हती, आई हातात भांडं घेऊन मागे उभी होती आणि चित्रकाराने तिचं तोंडही अर्धंच दाखवलं होतं. एक मुलगा म्हणाला तिला बसायचंच नसेल. त्यावर पहिली म्हणते, "पण तिला कुणी विचारलंय का?" मग सगळे पुस्तकावर वाकून खुर्च्या मोजायला लागले, कोणीतरी मागची पानं काढून बघितली की आधी तरी ती कुठे बसली होती का. हे सगळं छान चाललेलं असताना शेजारी बसलेल्या एका मोठ्या माणसाला राहवलं नाही, त्यांनी "बघा मुलांनो, याला म्हणतात स्त्री-पुरुष असमानता" असं सुरू केलं आणि दोन मिनिटांत सगळी मुलं उठून गेली. त्या काकांचा हेतू चांगलाच होता, पण मुलांनी स्वतः शोधून काढलेलं त्यांच्या हातातून काढून घेतलं गेलं असं मला वाटतं.

चित्रांच्या पुस्तकाची सगळी ताकद इथेच आहे. पानं साधारण ३२, शब्द मोजकेच, आणि ओळ एक सांगते तेव्हा चित्र कधीकधी भलतंच काही सांगत असतं. मोठी माणसं ओळ वाचतात, ज्याला अजून वाचता येत नाही ते मूल मात्र चित्रच वाचत बसतं, त्यामुळे कोपऱ्यातला फाटका बूट, कोणाशीच न खेळणारं मूल हे आधी त्यालाच दिसतं. आपण पान उलटायची घाई नाही केली तरी अर्धं काम होतं.

"एवढ्या लहान मुलांना काय कळतंय, कशाला नको ते विषय" असं म्हणणारे पण खूप भेटतात. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने १९४० च्या दशकात अमेरिकेत ३ ते ७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या होत्या, सगळ्या सारख्याच, फरक फक्त रंगाचा. चांगली कोणती विचारल्यावर बहुतेक मुलांनी गोरी बाहुली उचलली. त्या मुलांना कोणी समोर बसवून शिकवलं नव्हतं, आजूबाजूचं बघूनच ती शिकली होती. म्हणजे आपण गप्प बसलो तर मूल त्या विषयापासून लांब राहतं वगैरे काही नाही, ते एकटंच त्याचा अर्थ लावत बसतं.

आणि पुस्तकात कोण दिसतं यावरही बरंच ठरतं. १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक या बालसाहित्याच्या अभ्यासक बाईंनी अमेरिकेत तीन वर्षांत निघालेली मुलांची ५,२०६ पुस्तकं धरून हिशोब मांडला, तर निदान एक तरी कृष्णवर्णीय माणूस असलेली पुस्तकं निघाली फक्त ३४९. पुढे १९९० मध्ये बालसाहित्याच्याच अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी लिहिलं की पुस्तक मुलासाठी आरसाही असतं आणि खिडकीही, म्हणजे त्यात मूल स्वतःलाही बघतं आणि दुसऱ्याचं जगही. मला यातली आरशाची बाजू जास्त महत्त्वाची वाटते कारण आपल्याकडे अशा अवघड विषयांवरची पुस्तकं निघतात तीही बरेचदा दुसऱ्याची कीव करायला शिकवणारी. गरीब मूल असतं ते मदत घेण्यापुरतं, व्हीलचेअरवरचं मूल असतं पण त्याने काहीतरी अचाट पराक्रम केल्याशिवाय बाकीचे त्याला खेळायला घेत नाहीत. अशा पुस्तकात ते मूल स्वतःला बघेल तर त्याला काय वाटेल याचा विचारच नसतो. त्यापेक्षा ज्यात व्हीलचेअरवरची मुलगी नुसतीच इतरांसारखी भांडते, खोड्या करते, हरते, ते पुस्तक मी आधी उचलते.

बोलायचं कसं यावर पण काम झालेलं आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये काही आईवडिलांना एवढंच शिकवलं की हो-नाही उत्तराचे प्रश्न कमी करा, "इथे काय चाललंय?" असं विचारा, मूल जे बोलेल ते धरून पुढे जा. चार आठवड्यांत ती मुलं बोलण्यात, नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढे गेली. तो अभ्यास भाषेबद्दलचा होता पण माझा अनुभव असा की अवघड विषयाला पण हीच पद्धत लागू पडते. "तो वाईट का?" असं विचारलं की मूल निकाल देतं आणि विषय संपतो, "त्याच्या बाजूला कोण उभं आहे?" विचारलं की परत चित्रात शिरतं. आजोबा गेल्याचं पान आलं आणि मूल काहीच बोललं नाही, तर तेही चालू द्यावं, खोदून विचारू नये. ते पान कदाचित झोपताना स्वतःच काढेल किंवा नाही काढणार. फक्त आपल्याला अवघड वाटतं म्हणून ते पान गाळू नका एवढंच माझं म्हणणं, कारण पान गाळलेलं मुलाला बरोबर कळतं आणि यावर या घरात बोलायचं नसतं हेही कळतं.

तुम्हाला विनंती एवढीच आहे की मुलांच्या पुस्तकांबद्दल छापताना चित्रांबद्दल दोन ओळी तरी असू द्या आणि लेखकाबरोबर चित्रकाराचं नाव न चुकता द्या, आणि मुलांच्या पानावर गोष्टीखाली जिथे तात्पर्य छापता तिथे त्या चित्रावरचा एखादा प्रश्न छापून बघा, उत्तर न देता.

कळावे,
आपली एक नियमित वाचक