रेफर केलं, पण पुढं काय झालं? आरोग्यमंत्र्यांना एका आशाताईचं खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
नमस्कार.

साहेब, मी धाराशिव जिल्ह्यात अकरा वर्षं आशा म्हणून काम करते. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे कॅन्सर, बीपी, शुगर असल्या आजारांचा धोका ओळखायचा फॉर्म भरायचा, तंबाखू खाता का, तोंडात पांढरा चट्टा आहे का, छातीत गाठ लागते का, अंगावरून जास्त जातं का, हे सगळं विचारून फोनमधल्या ॲपमध्ये टाकायचं, हे आमचं रोजचंच काम. कॅन्सरसाठी नवी मोबाईल ॲप बनवायचं बोललं जातंय म्हणून लिहितेय, कारण ती वापरायची आम्हालाच आहेत.

आमच्या गल्लीत एक काकू आहेत, पन्नाशीच्या. लग्नाआधीपासून मिश्री लावतात, तव्यावर भाजलेली तंबाखू, सकाळी उठल्या की बोटावर घेऊन दातांना. दोन वर्षांमागं फॉर्म भरताना मी म्हटलं, काकू तीन बोटं उभी धरून तोंडात घाला बघू. दोनच गेली. मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात बघितलं तर गालाच्या आत पांढरा खरखरीत पट्टा होता. मी ॲपमध्ये 'रेफर' वर बोट ठेवलं, नाव हिरवं झालं, माझं काम संपलं असं ॲपनं सांगितलं.

काकू दवाखान्यात गेल्या होत्या हो. त्या दिवशी दाताचे डॉक्टर नव्हते, परवा या म्हणाले, आणि ते सोयाबीन काढणीचे दिवस, परत एक रोज कोण बुडवणार? मला वाटलं दाखवलं असेल, वरच्यांना वाटलं आशानं पाठवलंय म्हणजे झालं. आठ महिन्यांनी मानेला गाठ आली तेव्हा कळलं. जबड्याचं ऑपरेशन झालं, आता पातळ भाकरी-दूध कालवून घेतात, आणि बोललेलं सुनेलाच तेवढं कळतं. त्या हिरव्या नावाकडं मी आजही बघू शकत नाही.

साहेब, 1999 ला आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर फार मोठा अभ्यास सुरू झाला होता, 1 लाख 31 हजारांवर बायका त्यात होत्या. 2009 ला निकाल आला, की एकदा एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळं हा कॅन्सर होतो त्याची तपासणी करायची ठरलेल्या गटात या कॅन्सरनं 34 बायका गेल्या आणि नेहमीसारखंच चाललेल्या गटात 64. हे कळलं कशामुळं, तर प्रत्येक बाईचं पुढं काय झालं याचा माग ठेवला म्हणून. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी तर 1987 पासून गावोगाव फिरून कॅन्सरच्या नोंदी ठेवल्यात, तेव्हा कुठं होते मोबाईल! मग आज फोन हातात असून आमचा माग 'रेफर' वर येऊन का तुटतो?

म्हणून माझी मागणी एकच आहे, ॲपनं रेफर केल्यावर फाईल बंद करू नये, तिथून ती सुरू करावी. चट्ट्याचा फोटो त्याच दिवशी दाताच्या डॉक्टरांना जावा, डॉक्टर ज्या दिवशी असतात तीच तारीख बाईला मिळावी, ती पोचली नाही तर मला आणि एमओ साहेबांना (आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसरना) दोघांनाही फोनवर दिसावं, आणि तुकडा काढून तपासला तर रिपोर्ट माझ्यापर्यंत परत यावा. रेंज नसताना पण चालावं, आमच्या वस्तीवर टेकडावर चढल्याशिवाय एक काडी येत नाही.

अजून एक फार नाजूक गोष्ट आहे. आम्ही बायकांचे म्हणून जे नंबर टाकतो ते बहुतेक नवऱ्याचे नाहीतर पोराचे असतात. गर्भपिशवीच्या तपासणीचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर गेला तर घरात काय होतं ते आम्ही बघतो, संशय घेतात, पुढच्या वेळी ती बाई दारच उघडत नाही. तेव्हा निकाल मेसेजवर नको, तो तिला समोर बसवूनच सांगायचा, ॲपनं फक्त मला आठवण करावी.

तंबाखू सोडायला केंद्रानं 2016 ला मिस्ड कॉल आणि एसएमएसची सोय काढली, चांगलीच आहे, पण मिश्रीवाल्या काकूंना मेसेज वाचता कुठं येतो? त्यांना आवाजात, आपल्या बोलीत सांगा. 2016-17 च्या सर्व्हेत राज्यातली 26.6 टक्के मोठी माणसं तंबाखूवाली निघाली आणि 24.4 टक्के तर बिनधुराची घेणारी, म्हणजे तोंडात धरणारी नाहीतर दातांना लावणारीच जास्त. या लोकांसाठी ॲप करायचं तर पाच-सहा आशांना आणि दोन-चार पेशंटना पहिल्या दिवसापासून बनवणाऱ्यांच्या शेजारी बसवा. आणि एकदम सगळीकडं लागू करू नका, काही गावांत नवं ॲप, काही गावांत आत्ताचीच पद्धत, असं वर्ष-दोन वर्षं करून बघा, आणि किती फॉर्म भरले ते नको, किती बायका डॉक्टरपर्यंत पोचल्या ते मोजा, निकाल काहीही येवो जाहीर करा.

येत्या सोमवारी काकूंची बार्शीला तपासणी आहे, मी सोबत जाणार आहे. ॲपमध्ये हे लिहायला जागा नाही, म्हणून तारीख माझ्या वहीत लिहून ठेवलीय.

आपली,
एक आशाताई, जि. धाराशिव