ज्यांनी नावं सांगितली नाहीत, त्यांना

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर सपाट जागा म्हणजे भाताची खाचरं, आणि ती पिकाची. पोरं खेळायची उतारावर, नाहीतर डांबरी रस्त्यावर. खो-खोला २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद मैदान लागतं. एवढी सपाटी इथे नव्हतीच. ती तुम्ही केलीत.

वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीचा तुकडा मैदानासाठी सोडून ज्यांनी फलकावर नाव लावू दिलं नाही, त्यांचे आभार. जेसीबीवाल्या दादांनी फक्त डिझेलचे पैसे घेतले. द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे गेलेल्या कुणीतरी मजुरीतले पैसे पाकिटात घालून पाठवले, वर एवढंच लिहिलं होतं: ‘पोरींच्या खांबांसाठी’. ते पाकीट उघडताना माझे हात थरथरले. त्या मजुरीत किती उन्हं आहेत, ते आम्हाला ठाऊक आहे.

आणि खालच्या अंगाला दगडी बांध रचणारे आजोबा! सिमेंट नाही, दगडात दगड बसवलेला. पेठचा पाऊस कसा कोसळतो ते सांगायला नको. चार महिन्यांत तुमचा एक दगड हलला नाही. मुरूम पसरून, पाणी मारून, चोपून देणाऱ्या मावश्यांनो, जमीन अजून घट्ट आहे.

शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक जिंकलं. आमच्या पोरी तिचं नाव घेऊन धावतात. रोज सकाळी सातला सराव असतो. तुम्ही कुणीही असा, एकदा बघायला या.