घडाला टेका कशाला?

रावेर, मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

चि. मयुरी हीस आप्पांचे आशीर्वाद.

या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्री बाराची आहे, म्हणून वावरातच बसलोय. सोबत बॅटरी आणि तुझी गोष्टींची निळी वही. आईने माळ्यावरची भांडी काढली, तेव्हा सापडली. वर नाव भलतंच, त्यामुळे आधी वाटलं दुसऱ्या कोणाची असेल. पण इतका मोडका 'ळ' आपल्या घरात तूच काढतेस.

दहावीच्या वर्षी गोष्टी लिहितेस म्हणून मीच ओरडलो होतो, त्यामुळे नाव का बदललंस ते आता कळलं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कोणा लेखकाला बक्षीस मिळालं होतं. ते निघाले जयंत विष्णू नारळीकर! आपलीच आद्याक्षरं उलटी केली होती. त्यांनी नाव लपवलं ते मोठं होतं म्हणून, आणि तू लपवलंस माझ्या धाकाने. असो.

चंद्रावरच्या केळीबागेची गोष्ट दोनदा वाचली. घुमटाखाली मृगात लावलेली बाग, ठिबक, सगळं आपल्यासारखं. तिथेच फसलीस. घडांना बांबूचे टेके कशाला लावलेस? चंद्रावर वजन सहावा हिस्सा. इथला तीस किलोचा घड तिथे पाच किलो भरेल (ताणकाट्यावर हं, तागडीत नाही). पाच किलोने कुठलं खोड वाकतं? आणि बंद घुमटात वादळ कुठून आणलंस? मे महिन्यातलं आपलं वादळ तुझ्या डोक्यातून जात नाही, ठाऊक आहे मला. माझ्याही जात नाही.

पण तू टेके लिहिलेस, म्हणून मला चूक धरता आली. नुसतं 'बाग डोलत होती' म्हटलं असतंस, तर मी काय धरणार होतो?

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नने १८६५ सालच्या कादंबरीत माणसं तोफेतून चंद्राकडे सोडली. पण तोफेची लांबी लिहिली, नऊशे फूट. वेगही लिहिला, सेकंदाला साधारण अकरा किलोमीटर. परवा पंपाच्या खोलीत खताच्या पावतीमागे हिशेब मांडला. एवढ्याशा नळीत तो वेग गाठायचा, तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या वीस हजार पटींहून जास्त भार येतो. लगदा! रशियातला त्सिओल्कोव्हस्की, लहानपणी आजाराने ऐकू येईनासं झालेला शाळामास्तर, व्हर्न वाचूनच या नादाला लागला. त्यानेही हिशेब केला आणि तोफ बाद केली. वेग एका धक्क्यात नको, हळूहळू चढला पाहिजे, म्हणजे अग्निबाण. १९०३ साली त्याने अग्निबाणाचं समीकरण छापलं. श्रीहरिकोट्याच्या रॉकेटांनाही तेच लागू पडतं.

तुझ्या गोष्टीत कापूस नाही, याचं मात्र वाईट वाटलं. चीनच्या चांग-ई ४ यानातल्या डब्यात जानेवारी २०१९ मध्ये कापसाचं बी खरोखर चंद्रावर उगवलं. मग तिथली रात्र पडली, आपल्या चौदा दिवसांएवढी, आणि कोंब थंडीने गेला. आपल्याकडे बोंडअळी, तिकडे रात्र.

ठिबकचं कोडं मला अजून सुटत नाही. नळीतून पाणी दाबाने येतं, ते तिथेही येईल. पण मातीत पडल्यावर खाली ओढ कमी, मग ओल आडवीच जास्त पसरेल का? तसं असेल तर ड्रिपर लांब लांब ठेवावे लागतील. फिजिक्स तुझं, तू काढ. मी इथलं मोजून कळवतो. तासाला चार लिटरचा ड्रिपर दोन तास चालवून खाली खणायचं, ओल किती खोल आणि किती रुंद ते बघायचं. तुझी शाळेतली फूटपट्टी घेऊन आलोय.

स्टार्टरवरचे तिन्ही दिवे लागले. उठतो.

तुझे आप्पा

ता. क. वही मामांच्या हाती पाठवतोय. टेक्यांपाशी पेन्सिलीने खूण केली आहे, ती खोडता येईल. शेवटच्या पानावर केळीच्या चिकाचा डाग पडलाय. तो काही निघायचा नाही, तुला माहीतच आहे.