कटल्यावरच्या अँकर वर्मला फवारणीचे औषध नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शेततळ्यातल्या कटला माशाच्या अंगावर सुतासारखे धागे लोंबताना दिसले की जालना, बीड, परभणी भागातले अनेक मत्स्यपालक कपाशीसाठी आणलेले सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक अंदाजाने तळ्यात ओततात. पाणी तापू लागले की हे प्रकार वाढतात, म्हणून हे पत्र.

तो धागा म्हणजे लर्निया, बोलीभाषेत अँकर वर्म. हा जंत नाही. कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातला, म्हणजे कोपेपॉड नावाचा बारीक कवचधारी जीव आहे. डोळ्यांना दिसते ती फक्त मादी. तिचे फाटे फुटलेले डोके खवल्याखाली मांसात रुतलेले असते, एक-दीड सेंटिमीटर धड बाहेर लोंबते आणि शेपटाकडे अंड्यांच्या दोन पिशव्या असतात. रुतल्या जागी लाल जखम होते, मग तिथे बुरशी आणि जिवाणू शिरतात. मासे मरतात ते बहुधा या जखमांमुळे. नर मीलनानंतर मरून जातो, तो कुणाला दिसत नाही.

एकदा औषध टाकून काम का होत नाही, याचे कारण अँकर वर्मच्या जीवनचक्रात आहे. अंड्यातून निघालेली पिल्ले आधी पाण्यात मोकळी पोहतात, पुढच्या अवस्थेत माशाच्या कल्ल्यांवर आणि कातडीवर येतात. औषध लागू पडते ते मुख्यतः या कोवळ्या अवस्थांना. मांसात रुतलेली मादी तगते आणि पुन्हा अंडी सोडते. पाणी 25 ते 30 अंशांवर असले की जेमतेम तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. म्हणून उपचार आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा करावे लागतात. थंडीत वाढ मंदावते, पण मादी माशाच्या अंगात हिवाळा काढते. जानेवारीत मासे चांगले दिसले म्हणून निर्धास्त राहू नये.

दुसरी चूक पाण्याच्या मापाची, आणि ती फार महागात पडते. 30 × 30 × 3 मीटरच्या तळ्यात 2700 घनमीटर पाणी धरून मात्रा काढली जाते. बाजूंना 1:1.5 उतार (मीटरभर खोलीला दीड मीटर आडवे) असेल तर तळ 21 × 21 मीटर भरतो आणि काठोकाठ पाणी सुमारे 1970 घनमीटरच असते. उन्हाळ्यात दीड मीटर पाणी उरले की लोक निम्मे, म्हणजे 1350 घनमीटर धरतात. प्रत्यक्षात ते सुमारे 813 असते. मात्रा दीडपटीहून जास्त झाली! सायपरमेथ्रिन माशांना अत्यंत विषारी असल्याने एवढी चूक पुरेशी आहे. शिवाय पाण्यातले सूक्ष्म कवचधारी जीव मरतात, आणि कटला तर त्यांच्यावरच वाढतो. मिठाचा उपायही अख्ख्या तळ्यात परवडत नाही. 0.3 टक्के करायचे तर त्या 813 घनमीटरला जवळपास 24 क्विंटल मीठ लागेल, आणि तेच पाणी ठिबकने मोसंबीला जाणार.

परजीवींना औषधाची सवय लागण्याचा धोका खरा आहे. नॉर्वे, स्कॉटलंड, चिली इथे समुद्रातल्या पिंजऱ्यांत सामन मासे पाळतात. त्यांनाही कोपेपॉडच छळतात, सामनच्या उवा म्हणून ओळखले जाणारे. त्यावर खाद्यातून इमामेक्टिन बेंझोएट देत, तेच जे आपण तुरीच्या शेंगअळीवर फवारतो. पुन्हा पुन्हा वापरल्याने उवांना ते लागू पडेनासे झाले. आता नॉर्वे आणि स्कॉटलंडमध्ये उवा खाणारे रास आणि लम्पफिश मासे पिंजऱ्यात सोडतात. नॉर्वेत नियमित मोजणी सक्तीची आहे आणि माशामागे प्रौढ मादी उवांची सरासरी 0.5 च्या वर जाऊ द्यायची नाही, असा दंडक आहे. आपल्याकडे निदान मोजायला तरी सुरुवात व्हावी. पंधरा दिवसांतून एकदा फेकजाळ्याने 20 मासे काढून परांची मुळे आणि कल्ल्यांच्या झाकणामागची जागा पाहायला अर्धा तास लागतो.

रोग येतो तो बहुतेक वेळा बोटुकलीबरोबर, म्हणजे तळ्यात सोडायला आणलेल्या बोटभर पिल्लांच्या मत्स्यबीजाबरोबर. पिशवी 15-20 मिनिटे तळ्यात तरंगत ठेवावी, पण तिच्यातले पाणी तळ्यात ओतू नये. बोटुकली जाळीने काढून 100 लिटर स्वच्छ पाण्यात अडीच ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट विरघळवून त्यात 30 मिनिटे ठेवावी. हवेचा पंप चालू हवा, आणि आधी दहा-बारा पिल्लांवर प्रयोग करावा. पाणी तपकिरी झाले म्हणजे औषध संपले. याने कोवळ्या अवस्था मरतात, रुतलेल्या माद्या नाहीत, म्हणून धागे दिसणारे बीज घेऊच नये. गावोगाव फिरणारी जाळी कडक उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात घालू नयेत. बीजासाठी राखलेल्या मोजक्या प्रजनक माशांवरची मादी चिमट्याने कातडीलगत धरून हळू ओढावी आणि जखमेला पोव्हिडोन आयोडीन लावावे. तुटली तर डोके आत राहून जखम चिघळते.

ग्राहकांनी घाबरू नये. लर्निया माणसाला होत नाही. तेवढा भाग कापून मासा नीट शिजवला की खाता येतो. मात्र तळ्यात कीटकनाशक ओतलेला मासा लगेच बाजारात आणणे सर्वथा चूक आहे.

मत्स्यव्यवसाय विभागाला विनंती, की बोटुकलीच्या पावतीवर परजीवी तपासणीची नोंद बंधनकारक करावी. कल्ल्यांवरची पिल्ले मिलिमीटरहूनही लहान असतात, नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. त्यासाठी मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्ह्यात एक सूक्ष्मदर्शक आणि तो वापरणारा माणूस जूनमध्ये बीज येण्याआधी उपलब्ध व्हावा.

— शेततळ्यातील मत्स्यपालनाचे प्रशिक्षक, जालना